शेरा : प्रयत्न अपुरा

एकतीस वर्षं मी ओरडण्याचा पगार घेतला. आमचे हे म्हणायचे, "घरी फुकट ओरडतेस, तिथं निदान पैसे तरी देतात." म्हणायला काय जातं! रोज दहा-बारा माणसांवर, चार भाषांत, तेही त्यांच्याच भल्यासाठी ओरडून दाखवा म्हणावं एकदा. संध्याकाळी घरी आल्यावर भाजी काय करू एवढं विचारायलाही घशात आवाज उरायचा नाही, आणि हे शांतपणे पेपर वाचत बसायचे. आमचा संसार टिकला तो त्यामुळेच, असं त्यांचं ठाम मत आहे.

मी श्वासाची तपासणी करणारी तंत्रज्ञ. माहेर निपाणीचं. लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि पीण्या नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यांच्या गर्दीत एका छातीच्या दवाखान्यात चिकटले, ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली बेअरिंगचं दुकान, शेजारी लेथ. दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज आणि त्याच्यावर माझा आवाज. खालचे दुकानदार अण्णा म्हणायचे, "अक्का, तुमचं 'ऊदी ऊदी' ऐकू आलं नाही की मला वाटतं आज रविवार आहे."

"ऊदी" म्हणजे कन्नडमध्ये "फुंका". माझा सगळा मंत्र असा : "ऊदी, ऊदी, ऊदी! इन्नू, इन्नू! बिडबेडी!" फुंका, अजून, अजून, सोडू नका. बिहारकडच्या कामगारांना तेच हिंदीत, तमिळ बायकांना तमिळमध्ये आणि आपल्या माणसांना मराठीत. कुणाला कुठल्या भाषेत ओरडलं की राग येतो आणि कुठल्या भाषेत जोर येतो, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. माणसाला राग आला तरी चालतो. रागात फुंकर चांगली येते.

ज्यांच्यावर ही तपासणी करून घ्यायची वेळ आली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या नाकाला चिमटा लावायचा. तोंडात पुठ्ठ्याची जाड नळी धरायची, ओठ घट्ट मिटायचे. मग छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात, सगळ्या ताकदीनिशी सोडायचा. "दिवा विझवायचा नाही, भिंत पाडायची आहे," असं मी सांगायची. आणि खरी मेख पुढे आहे. श्वास संपला असं वाटतं, तेव्हा अजून बराच शिल्लक असतो. सहा सेकंद तरी फुंकत राहायचं. पडद्यावर रेघ उमटते, झपकन वर चढते, टोक गाठते आणि हळूहळू उतरते. त्या रेघेवरून डॉक्टरांना कळतं की फुप्फुसात हवा किती मावते आणि बाहेर पडताना ती कुठे अडते.

हे तीन वेळा करायचं. तिन्ही रेघा एकमेकींवर बसायला हव्यात. मी कामाला लागले तेव्हा आमच्या डॉक्टर शिवरामांनी पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं होतं, "अक्का, खोटं बोलणाऱ्याला तेच खोटं तीन वेळा सारखं बोलता येत नाही. मुद्दाम कमी फुंकणाऱ्याच्या तीन रेघा तीन गावांना जातात. रेघा सारख्या आल्या की समजा, माणूस खरं बोलतोय." हे वाक्य मी नंतर आलेल्या प्रत्येक शिकाऊ मुलीला ऐकवलं. स्वतः मात्र नेमक्या वेळी विसरले. ते पुढे येईलच.

नमुने तर असे भेटले की विचारू नका. एक निवृत्त सुभेदार होते. "जोर लावा!" म्हटल्याबरोबर त्यांनी असा जोर लावला की वरची कवळी थेट नळीत जाऊन अडकली. त्यांनी शांतपणे ती काढली, खिशात ठेवली आणि मला सलाम ठोकून म्हणाले, "नेक्स्ट राउंड." मल्लेश्वरमच्या एका देवळातले नादस्वरम वाजवणारे आजोबा नाकाला चिमटा लावू देईनात. नाक बंद करून वाजवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न. हे वाद्य नव्हे हे पटवून द्यायला पंधरा मिनिटं गेली, आणि त्या वयातही त्यांनी माझ्यापेक्षा जास्त हवा काढून दाखवली. महादेवपुऱ्यातून येणारे संगणकवाले वेगळेच. पुण्याचा एक मुलगा मनगटावरचं घड्याळ दाखवून म्हणाला, "काकू, पण माझं वॉच तर वेगळंच रीडिंग दाखवतंय." म्हटलं, "मग बाळ, घड्याळातच फुंक." तो हसला, आणि हसल्यावर त्याची फुंकर सरळ आली.

मला माझ्या कामाचा गर्व होता. आजही आहे. दुसऱ्या दवाखान्यांत "रुग्ण सहकार्य करत नाही" म्हणून परत पाठवलेली माणसं माझ्याकडे यायची आणि माझ्यापुढे मुकाट फुंकायची. डॉक्टर शिवराम बाहेरच्या डॉक्टरांना फोनवर सांगायचे, "आमच्या अक्कांनी काढलेली रेघ म्हणजे दगडावरची रेघ." हे ऐकलं की मी आपली पुठ्ठ्याच्या नळ्या मोजत असल्याचं सोंग करायची.

अहवालाच्या तळाशी एक छोटा चौकोन असतो, तंत्रज्ञाच्या शेऱ्याचा. रुग्णानं प्रयत्न कसा केला, ते त्यात लिहायचं : चांगला की अपुरा. आकडे नंतर, डॉक्टर आधी हा चौकोन बघतात. कारण प्रयत्नच अपुरा असेल तर आकड्यांना अर्थ नाही. दोन शब्दांचा चौकोन, पण माणसाला आजारी ठरवायचं की आळशी, ते तिथे ठरतं. इतकी सत्ता मला घरातही नव्हती.

शांता पहिल्यांदा आली ती एका दिवाळीनंतरच्या आठवड्यात.

ती खानापूरकडची. बेचाळिशीची, रुंद हाडाची. पीण्यातल्याच एका कारखान्यात अकरा वर्षं पावडर कोटिंगवर होती. पंख्यांची पाती, कपाटांचे पत्रे आकड्यांना टांगून पुढे सरकत येतात, त्यांच्यावर कोरड्या रंगाची पूड फवारायची आणि मग ते भट्टीत जातात. फवारणीची बंदूक शांताच्या हातात असायची. तिच्या खात्यात ती एकटीच बाई होती, आणि हे ती सांगायची तेव्हा मान आपोआप ताठ व्हायची. गेले काही महिने तिला दम लागत होता. कारखान्यानं तपासणीसाठी तिघींना एकत्र पाठवलं होतं आणि बरोबर कार्यालयातला एक माणूस दिला होता, कडक इस्त्रीचा.

मी यंत्र लावत असताना तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, बाकी दोघी ठीक आहेत. ही तिसरी जरा ड्रामा करते. काम नको असलं की दम लागतो."

मी त्याला बाहेर बसायला सांगितलं. पण त्याचं बोलणं आत राहून गेलं.

शांता नळी तोंडात धरून बसली. "फुंका!" मी ओरडले. रेघ थोडी वर चढली, बोथट टोक काढून खाली आली. मी आणखी ओरडले. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मी टेबलावर हात आपटला, खुर्चीवरून अर्धी उठले, मराठीत ओरडले, कन्नडमध्ये ओरडले. खालून अण्णांनी वर बघितलं असणार. रेघ तशीच, बोथट.

"शांता, जोर लाव ना गं. अकरा वर्षं लोखंड उचलतेस आणि एवढी फुंकर येत नाही?"

"मी फुंकलो की ओ अक्का," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. आमच्या सीमाभागात बायकाही "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. "जेवढं हुतं तेवढं सगळं फुंकलो. आनिक कुठनं आणू वारं?"

बाहेर आठ माणसं थांबली होती. माझ्यापुढे कुणाला फुंकता आलं नाही असं कधी झालं नव्हतं, आणि ही बाई तीनदा माझ्या नाकावर टिच्चून कमी फुंकते, असा मला राग आला. मी चौकोनात लिहिलं : प्रयत्न अपुरा. खाली सही केली आणि पुढच्याला हाक मारली.

त्या शेऱ्याचं पुढे काय झालं, ते मला पाच महिन्यांनी कळलं.

एप्रिलची दुपार होती. मी डबा उघडला होता. जिन्यावर कुणीतरी चार पायऱ्या चढून बसतंय, पुन्हा चार चढून बसतंय, असं बराच वेळ ऐकू येत होतं. शेवटी दारात शांता उभी राहिली. मी ओळखलंच नाही. चेहरा सुजल्यासारखा, पापण्या जड, अंगात लोकरीचा स्वेटर. एप्रिलमध्ये! मी पंख्याखाली घामेजले होते आणि ती हात बगलेत धरून उभी होती.

बसली, बराच वेळ दम खाल्ला, आणि मग तुकड्यातुकड्यानं सांगू लागली. अहवाल गेल्यावर कार्यालयातल्या माणसानं तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मशीननंच सांगितलंय, बाई जोर लावत नाही. तिची बंदूक काढून घेतली, तिला झाडू दिला. मधे एका डॉक्टरनं तोंडात ओढायचा फवारा दिला होता, त्यानं काही फरक पडला नाही. आता झाडू मारतानाही दम लागतो म्हणून घरी बसवलंय. धडधाकट असल्याचा दाखला आणा, नाहीतर राजीनामा द्या.

"केसं विंचरायला हात वर धरला तरी दम लागतोय ओ," ती म्हणाली. "घरातली बी आता म्हणत्यात, शांते, मनावर घे. किती मनावर घेऊ अक्का?"

तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला अहवाल काढला. मी तो उलगडला. खाली माझी सही. वर तीन रेघा.

तीन रेघा एकमेकींवर अगदी नेमक्या बसल्या होत्या.

मी डबा बाजूला सारला. मुद्दाम कमी फुंकणाऱ्याच्या रेघा तीन गावांना जातात, आणि इथे तर दुसरी आणि तिसरी वेगळी काढून दाखवणंही कठीण होतं. ही बाई तीन वेळा तेच खरं सांगत होती आणि मी त्यावर "खोटं" असा शिक्का मारला होता. ही चूक नवशिक्या मुलीनं केली असती तर मी तिला दिवसभर उभं ठेवलं असतं.

बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, तर तो आकडाच दाखवीना, इतकी बोटं गार. ऊब यावी म्हणून मी तिचा हात दोन्ही हातांत धरला. कातडी खरखरीत, शिळ्या भाकरीसारखी कोरडी. हे सगळं नोव्हेंबरमध्येही थोडंफार असणार. आवाज तर तेव्हाही घोगरा होता. मी फक्त रेघ बघितली, आणि तीही नीट नाही.

निदान करणं तंत्रज्ञाचं काम नाही, आणि त्या क्षणी मला निदान ठाऊकही नव्हतं. पण रेघ माझी होती. मी अहवाल घेतला आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. तो दहा पावलांचा रस्ता मला फार लांब वाटला. दगडावरची रेघ म्हणून ज्यांनी माझं कौतुक केलं, त्यांनाच जाऊन सांगायचं होतं की मी दगडावर चुकीचं कोरलंय.

"एनु अक्का?" त्यांनी वर न बघता विचारलं. काय झालं?

"सर, हा शेरा चुकलाय. रेघा बघा. बाईनं पूर्ण जोर लावला होता. जोरच नाहीये तिच्यात."

त्यांनी चष्मा वर सरकवून रेघा बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. "दाब बघू या," एवढंच म्हणाले.

आमच्या कपाटात एक तबकडीचं यंत्र पडून होतं. त्याची नळी पुढून बंद असते. त्यातून हवा जात-येत नाही, फक्त ओढायचं किंवा फुंकायचं, आणि श्वासाच्या स्नायूंत ताकद किती आहे ते काटा सांगतो. शांतानं डोळे मिटून ओढलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर आठ्या पडल्या. काटा जागचा हलला आणि थांबला. इतके कष्ट आणि एवढासा काटा. मी ओरडले नाही. ओरडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग डॉक्टर तिच्याकडे बघू लागले, म्हणजे खरोखर बघू लागले. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालेली. जीभ जाडसर. नाडी मंद. त्यांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून पाठमोरं बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल उडालं, पण परत जागेवर यायला त्यानं चांगलाच आळस केला. डॉक्टर हसले. "नोडी अक्का," म्हणाले, "बघा. उत्तर छातीत नाही, गळ्यात आहे. थायरॉईड."

दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला आणि त्यांचा अंदाज खरा ठरला.

मला त्यांनी समजावलं ते असं. गळ्याशी असलेली ही छोटी ग्रंथी मंदावली की शरीराची शेगडीच कुणीतरी बारीक केल्यासारखं होतं. सगळं सावकाश होतं. काळजाचे ठोके मंदावतात, पोट मंदावतं, आवाज जाड होतो, थंडी वाजते. स्नायूंतली ताकद जाते. आणि श्वास घेणं हेही स्नायूंचंच काम आहे, हे आपण विसरतो. फुप्फुस स्वतःहून काही करत नाही. फासळ्यांमधले स्नायू आणि छातीखालचा स्नायूंचा पडदा त्याला ओढतात. शांताचा भाता शाबूत होता, भाता ओढणारा थकला होता. थायरॉईडमुळे दम लागायची आणखीही कारणं असतात. कुणाच्या छातीत पाणी साठतं, कुणाचं रक्त कमी होतं. आणि दम लागणाऱ्या प्रत्येकाच्या मागे थायरॉईड असतो असंही नाही. आधी हृदय आणि फुप्फुसच बघायचं असतं. पण तिथे काही सापडलं नाही म्हणून माणूस नाटकी ठरत नाही.

सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक छोटी गोळी. एवढ्याचसाठी पाच महिने.

डॉक्टरांनी कारखान्याला पत्र दिलं : बाईंना आजार आहे, उपचार सुरू आहेत, विश्रांती हवी. कार्यालयातल्या माणसानं ते फायलीला लावलं आणि सांगितलं, खंडेनवमीपर्यंत वाट बघतो. तोपर्यंत तपासणी नीट आली तर ठीक, नाहीतर त्या जागी दुसरा माणूस. आणि फायलीतला जुना अहवाल तसाच राहिला, माझ्या सहीसकट.

खंडेनवमी म्हणजे पीण्यातला सगळ्यात मोठा सण. इथे तिला आयुधपूजा म्हणतात. प्रत्येक लेथला, प्रत्येक ट्रकला झेंडूच्या माळा, दारात फोडलेला कोहळा, पुडीत चुरमुरे. आमच्या दवाखान्यात माझ्या यंत्रालाही कुंकू लागायचं. शांताच्या खात्यात फवारणीच्या बंदुकीला पहिला हार तिचाच असायचा, अकरा वर्षं. तिला दाखल्यापेक्षा त्या हाराची जास्त काळजी होती. "माझ्या बंदुकीला दुसऱ्यानं हार घातला तर मी त्या कारखान्यात पाय ठेवनार न्हाई," असं ती म्हणाली होती.

माझी चूक मी डॉक्टरांपाशी कबूल केली. शांतापाशी नाही. ती निघताना माझे हात धरून म्हणाली, "अक्का, तुमच्यामुळं कळलं ओ." मी "औषध वेळेवर घे" म्हणाले. जीभ रेटली नाही. एकतीस वर्षं जिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा, तिला दोन वाक्यं बोलता आली नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी शेऱ्याचा चौकोन वेगळ्या तऱ्हेनं भरू लागले. "अपुरा" लिहिण्याआधी रेघा सारख्या आहेत का, ते बघायचं. सारख्या असतील तर तसं लिहायचं आणि पुढे जोडायचं : "स्नायूंची ताकद तपासावी." जून महिन्यात कोरमंगलाच्या एका पीजीत राहणारी नागपूरची मुलगी आली. नवी नोकरी, जिना चढताना दम, आणि सगळ्यांनी तिला "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून पाठवलेलं. तिच्या रेघा बोथट होत्या, पण एकीवर एक. मी शेरा लिहिला, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि पुन्हा तेच निघालं. ती मुलगी रडायलाच लागली. म्हणाली, "मावशी, मला वाटलं मीच कमजोर आहे." तिला पेढा द्यावासा वाटला. पेढा नव्हता, डब्यातली चकली दिली. त्या दिवशी मी घरी जाताना ताठ चालले, हे लपवत नाही. पुढे डॉक्टरांनी नव्या मुलींसाठी भिंतीवर माझं वाक्य लावलं : "आधी रेघा बघा, मग माणसाला नावं ठेवा." ते अजून तिथे आहे.

सप्टेंबर संपता संपता शांता आली. जिन्यावर पावलं वाजली, पण मधे थांबली नाहीत. स्वेटर नव्हता. चेहऱ्याची सूज उतरून तो आपल्या हाडांवर आला होता. मी तिला बसवलं, नवी नळी लावली, चिमटा उचलला, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा जरा अक्का. एक विचारतो."

"विचार."

"त्या वेळेला मी खरंच कमी फुंकलो काय ओ? समदी एवढं म्हणाली की आता मलाच कळंना झालंय. रातीला विचार करतो. वाटतंय, थोडा आनिक जोर लावला असता तर..."

पुढचं तिनं सोडून दिलं. आणि मला कळलं की मी काय केलंय. बंदूक गेली, पाच महिने गेले, ते वेगळं. पण ही बाई आता स्वतःलाच खोटी समजू लागली होती, आणि त्या कागदावर माझी सही होती.

"आधी फुंक," मी म्हणाले. "मग सांगते."

तिनं श्वास घेतला. खांदे वर गेले, छाती भरली, आणि फुंकर सुटली. रेघ सरसरत वर चढली, इतकी वर, की मी बघतच राहिले. ओरडायचं राहूनच गेलं. दोन सेकंद झाले, तीन झाले. शांताचे डोळे माझ्यावर होते. नळी तोंडात, त्यामुळे बोलता येईना. मग तिनं उजवा हात उचलला आणि मी जसा हलवते तसा जोरजोरात वर हलवला. ओरडा! ओरडा की!

"फुंक शांता!" मी किंचाळले. "इन्नू! इन्नू! अजून! बिडबेडा! सोडू नकोस गं!"

सहा सेकंद झाले, सात झाले, आठ. खालच्या दुकानातून अण्णांनी शिट्टी वाजवली. शेजारच्या खोलीतून डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. दुसरी फुंकर, तिसरी. तिन्ही रेघा एकमेकींवर. नोव्हेंबरमध्ये बसल्या होत्या तशाच, पण उंच.

नव्या अहवालावर मी लिहिलं : प्रयत्न उत्तम. मग म्हणाले, "जुना कागद आणलायस?"

तो पिशवीत होताच. मी दोन्ही कागद तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून दाखवलं. "या तीन रेघा बघ. या तीन बघ. कमी-जास्त सोड. सारख्या आहेत की नाहीत?"

"हायत."

"मग त्या दिवशीही तू खरंच फुंकली होतीस. सगळं फुंकली होतीस."

अहवालावर मागाहून हातानं काही लिहू नये असा दवाखान्याचा नियम आहे. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते म्हणाले, "सरी अक्का, बरिरी." लिहा. मी जुन्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली, खाली चार ओळी लिहिल्या, सही केली, त्यांनी शेजारी सही केली. शांतानं कागद हातात घेतला. अक्षरं इंग्रजी होती.

"काय लिवलंय ओ?"

मी चष्मा पुसला आणि मराठीत वाचून दाखवलं. "वरचा शेरा चुकीचा आहे. त्या दिवशी शांताबाईंनी पूर्ण प्रयत्न केला होता. रेघा तसं सांगत होत्या. अपुरा प्रयत्न होता तो माझा, त्या नीट बघण्याचा."

तिनं कागदाची जुन्या घडीवरच घडी घातली. मग म्हणाली, "अक्का, हे तुमाला आधीच म्हाईत हुतं?"

"एप्रिलपासून."

"आनि सांगायला आत्ता जोर आला?"

"हो गं. आत्ता आला."

ती हसली. पहिल्यांदाच तिचं हसणं ऐकलं मी. "येतोय की हळूहळू," म्हणाली. "मलाबी पाच महिने लागले."

खंडेनवमीला मी माझ्या यंत्राला कुंकू लावत होते, नळीवर झेंडूचं फूल ठेवत होते, तेव्हा फोन वाजला. पलीकडे भोंगे, हशा, कोहळा फुटल्याचा आवाज.

"अक्का!" शांता ओरडली. "हार घातला ओ मी! माझ्या बंदुकीला! ऐकू येतंय काय?"

आवाज इतका खणखणीत होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.